सोळा खाने आले कुठून? हिप हॉप बीटची पार्श्वभूमी

बीट बनवायला कुणी नव्याने बसलं की बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या पडद्यावर समोर येते सोळा खान्यांची रांग. पहिल्या खान्यात किक (मोठ्या ड्रमचा जाड ठोका), पाचव्या आणि तेराव्या खान्यात स्नेअर (छोट्या ड्रमचा कडक ठोका), एकाआड एक खान्यात हाय-हॅट (झांजेची टिकटिक). एवढं भरून प्ले दाबलं की ठेका सुरू होतो, सोळावा खाना संपला की पुन्हा पहिल्यावर येतो. पण या मांडणीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अडचणीतून निघालेली आहे. ती अडचण कळली की बटणांचा अर्थ लवकर लागतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला मशीन नव्हतंच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने म्हणजे डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाणं आणि बाकीची वाद्यं थांबून काही सेकंद नुसता ड्रमचा ठेका उरतो, त्या जागेची नाचणारे वाट बघत असतात. हाच ब्रेक. तो लांबवण्यासाठी त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू. ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेने पुढे हे काम काटेकोर केलं. ब्रेक कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून तो तबकडीवर क्रेयॉनने खूण करायचा आणि सुई उचलण्याऐवजी तबकडीच बोटांनी उलटी फिरवून पुन्हा खुणेवर आणायचा. आज माउसने ओढून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, बनतो, तो आधी असा हाताने फिरवलेला होता.

रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. त्याच्या पुढच्या बाजूला ओळीने सोळा बटणं होती, आणि पडद्यावरचे सोळा खाने थेट त्याच परंपरेतले. मशीनमधले आवाज खऱ्या ड्रमसारखे नव्हतेच, ते इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून तयार व्हायचे. १९८३ मध्ये उत्पादन बंद झालं, जुनी मशीनं स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांच्याकडे फारसे पैसे नव्हते त्यांच्या हाती लागली. त्याची किक लांबवली की ती जमिनीतून आल्यासारखी घुमते. म्हणूनच आज बीट बनवणारे ‘८०८ टाक’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना ड्रम नाही, बास म्हणजे खर्जातला घुमणारा सूर हवा असतो.

पुढचा टप्पा सॅम्पलरचा, म्हणजे रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा (सॅम्पल) भरून घेऊन हवा तसा वाजवणाऱ्या मशीनचा, आणि मला सगळ्यात जास्त भावतो तो हाच. ई-म्यू कंपनीच्या १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे. त्यावर तोड अशी निघाली: मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावायची, आवाज त्या घाईत भरून घ्यायचा आणि मशीनमध्ये त्याचा वेग पुन्हा खाली उतरवायचा. जागा वाचली, पण आवाज कमी बारकाव्याने साठवणाऱ्या त्या १२ बिटच्या मशीनमध्ये वेग उतरवताना आवाजाला एक खरखरीत, धुरकट पोत आला. जागेच्या टंचाईतून आलेला हा पोत लोकांना इतका आवडला की आज तोच आणण्यासाठी वेगळे प्लगिन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, मिळतात.

१९८८ मध्ये रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० हे सॅम्पलर आणि ड्रम मशीन एकत्र असलेलं यंत्र घडवलं. चार बाय चारचे सोळा पॅड, बोटांनी वाजवायचे. लिन यांच्या मशीनमधली स्विंगची सोय नवख्यांनी जरूर समजून घ्यावी. तिच्यामुळे दुसरा, चौथा, सहावा अशा सम क्रमांकाच्या खान्यांतले ठोके किंचित उशिरा पडतात. मिनिटाला ९० मात्रांच्या वेगात, एका मात्रेत चार खाने या हिशेबाने, एक खाना साधारण १६७ मिलिसेकंदांचा असतो. दोन खान्यांच्या जोडीतला दुसरा ठोका बरोबर मध्यावर पडला तर स्विंग ५० टक्के; तो ६६ टक्क्यांवर नेला की हे ठोके सुमारे ५३ मिलिसेकंद मागे सरकतात. तेवढ्याने ताठ ठेका डुलायला लागतो. बीट बनवणारा जे डिला तर ठोके याहून मोकळेपणाने मागेपुढे सरकवायचा. त्याचं एमपीसी-३०००, याच मालिकेतलं पुढचं मशीन, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९९७ साली बेल्जियममधून फ्रूटीलूप्स हे सॉफ्टवेअर आलं, आजचं एफएल स्टुडिओ. सुरुवातीला ते खाने भरायच्या ड्रम मशीनपलीकडे फारसं काही नव्हतं, पण घरचा कॉम्प्युटर असला की काम भागत होतं.

नवख्याला उशिरा कळते ती कायद्याची बाजू. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या प्रकरणात विनापरवाना सॅम्पलिंगविरुद्ध निकाल दिला, आणि रेकॉर्ड कंपन्या प्रत्येक तुकड्याची परवानगी मागू लागल्या. परवानगीही दोन ठिकाणची लागते, एक ध्वनिमुद्रणाची आणि एक रचनेची. या दोन्हींत ड्रमर बसत नाही. गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला ब्रेक ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने वाजवला, हिप हॉपमध्ये सर्वाधिक सॅम्पल झालेल्या ठेक्यांपैकी तो एक. पण गीतकार-संगीतकार म्हणून स्टबलफील्डचं नाव नव्हतं, त्यामुळे त्या सॅम्पलांच्या रॉयल्टीवर त्याचा हक्कच नव्हता.