ॲल्युमिनियम नौकेतील गळती

ॲल्युमिनियमच्या नौकेत पाणी झिरपण्याची नेमकी जागा हेरून ती टिकाऊ रीतीने बंद करण्याचे काम. रिव्हेटने (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीने) जोडलेल्या नौकांत लाटांच्या आपटण्याने व ट्रेलरवरील हादऱ्यांनी रिव्हेट सैल होतात. वेल्ड केलेल्या नौकांत सांध्यालगत बारीक तडे जातात. ओल्या जागी तांबे, पितळ किंवा पोलाद टेकले, तर क्षरणाने, म्हणजे धातू रासायनिक क्रियेने झिजल्याने, पत्र्याला छिद्रे पडतात.

आत साचलेले पाणी पाहून तर्क बांधणे धोक्याचे असते, कारण पाणी एकीकडे शिरते आणि फासळ्यांच्या आडून उताराकडे जमा होते. प्रथम निचऱ्याचे बूच तपासावे. बडोद्यासारख्या ठिकाणी, जिथे पुराच्या कामासाठी ठेवलेली बोट उन्हाळाभर कोरडी राहते, तिथे बुचाचे रबर कडक होऊन चिरलेले असण्याची शक्यता मोठी असते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या विश्वामित्री नदीच्या पुरातून लोकांना बोटींनीच बाहेर काढावे लागले होते. त्यामुळे ही तपासणी पावसाळ्यापूर्वीच व्हावी, आणि नदीत मगरी असल्याने ती जमिनीवरच करावी. नौकेला खालून सर्वत्र आधार द्यावा, बाहेरून ती कोरडी पुसावी आणि आत थोडे पाणी भरावे. एक चौरस मीटर तळावर दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० किलो भार, म्हणून हात आखडता ठेवावा. जिथे थेंब फुटतो तिथे मार्करने खूण करावी. शिसपेन्सिल वापरू नये, कारण तिच्यातील ग्रॅफाइट ॲल्युमिनियमचे क्षरण वाढवते.

सैल रिव्हेट आतून जड लोखंडी ठोकळ्याचा टेका देऊन बाहेरून हातोडीने पुन्हा आवळता येतो. झिजलेला काढून नवा बसवावा; आतून हात पोहोचत नसेल तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा पोकळ रिव्हेट) वापरावा, कारण साध्या पॉप रिव्हेटच्या पोकळीतूनच पाणी येते. सांध्यांवर सागरी पॉलियुरेथेन सीलंट (फटी बुजवणारा लेप) चालतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे, कारण त्यातील ॲसेटिक आम्ल धातू खाते. तड्याच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडल्यास तो पुढे सरकत नाही. मग आर्गॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करावे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या वर, म्हणून तो आधी स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासून काढावा लागतो. वेल्डिंगपूर्वी इंधनाची टाकी, फोम आणि जुना सीलंट हलवणे सुरक्षेसाठी आवश्यक आहे. सीलंट पूर्ण सुकल्यावर पाणी भरून चाचणी पुन्हा घेतात.