स्वयंचलित विदा-स्थानांतरण

मध्यम श्रेणीच्या संगणकावरील डेटाबेस आणि दुसरा सर्व्हर यांच्यात, ठरलेल्या वेळी व कोणी समोर बसलेले नसताना, माहितीची ने-आण करण्याची पद्धत. या नोंदीतील उदाहरणे खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) आहेत. ‘मध्यम श्रेणी’ म्हणताना मुख्यतः एएस/४०० हे यंत्र अभिप्रेत असते. आयबीएमने ते २१ जून १९८८ रोजी जाहीर केले. त्याची आजची प्रणाली २००८ पासून ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते, आणि डीबी२ हा डेटाबेस तिच्यातच अंतर्भूत असतो. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली व १९९२ मध्ये टाटा समूहाच्या भागीदारीने परतली; त्यामुळे या यंत्राचा भारतातील प्रसार प्रामुख्याने १९९० नंतरचा मानावा लागतो.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. एका मतानुसार तिचे मूळ फाइल-स्थानांतरणाच्या नियमावलीत, म्हणजे एफटीपीत (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल) आहे. तिचा पहिला मसुदा (आरएफसी ११४; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांची क्रमांकित मालिका) आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. आजही आधारभूत मानले जाणारे रूप (आरएफसी ९५९) ऑक्टोबर १९८५ चे. दुसऱ्या मतानुसार मूळ त्याआधीच्या गठ्ठा-प्रक्रियेत, म्हणजे दिवसभराची छिद्रित कार्डे जमवून रात्री एकदम चालवण्याच्या रिवाजात आहे. एफटीपीने वाहन पुरवले. पण वेळापत्रक, रांग आणि कार्याची नोंदवही ही अंगे गठ्ठा-प्रक्रियेतून आलेली दिसतात. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तांत्रिक अडचणीचे मूळ अक्षरसंकेतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या अंकमूल्यात आहे. एएस/४०० एबसिडिक संकेत वापरते, तर इतर बहुतेक सर्व्हर ॲस्की किंवा त्यावर आधारलेले संकेत वापरतात. १ हा अंक एबसिडिकमध्ये षोडशमान एफ१, तर ॲस्कीत ३१ असतो. एफटीपीची मजकूर-रीत हा बदल आपोआप करते, परंतु फाइलमधील सर्व बाइट अक्षरेच आहेत असे ती गृहीत धरते. रकमा मात्र बहुधा ‘पॅक्ड’ रूपात (एका बाइटात दोन अंक) असतात: १२३४५ ही रक्कम १२, ३४, ५एफ अशा तीनच बाइटांत बसते व शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा असतो. अशी फाइल मजकूर-रीतीने पाठवली की रकमा बिघडतात, आणि तरीही कार्य ‘यशस्वी’ नोंदले जाते. ‘झोन्ड’ रूपातील (प्रत्येक अंकाला एक बाइट, चिन्ह शेवटच्या बाइटात) ऋण रकमेत शेवटच्या ५ च्या जागी ‘एन’ हे रोमन अक्षर उमटते. यावर खात्रीचा उपाय असा: ‘कॉपी टू इम्पोर्ट फाइल’ या आज्ञेने आधी साधी मजकूर-फाइल करावी आणि मगच ती पाठवावी.

देवनागरीत प्रश्न वेगळा होतो. यूटीएफ-८ या सर्व लिपींसाठीच्या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. ‘अमळनेर’ला त्यामुळे १८ बाइट लागतात, १५ बाइटांच्या रकान्यात ‘अमळने’ एवढेच मावते. ‘चाळीसगाव’ला २४ लागतात. रोमन अक्षरांच्या हिशेबाने आखलेले रकाने इथे अपुरे पडतात, आणि गावाचे नाव तुटले की पुढची जुळणीही तुटते.

जिल्हासंकेतांचीही अशीच गत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर यांच्या त्याआधीच्या नोंदी धुळ्याच्या संकेताखाली असणार. म्हणून जुने-नवे संकेत जुळवणाऱ्या रूपांतर-तक्त्यात तारखेची अट असणे आवश्यक आहे.

आज्ञा आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवतात, एफटीपीचे ‘इनपुट’ त्या फाइलकडे वळवतात आणि वेळ ‘ॲड जॉब शेड्यूल एन्ट्री’ने ठरवतात. मात्र स्थानांतरण फसले तरी कार्य सुरळीत संपल्यासारखे दिसते. त्यासाठी ‘आउटपुट’ फाइल वाचून २२६ किंवा २५० हा यशाचा उत्तरसंकेत शोधावा लागतो. ५३० म्हणजे प्रवेश नाकारला, ४२६ म्हणजे जोडणी मध्येच तुटली. वीज जाण्याचा धोका असलेल्या ठिकाणी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पाठवून पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलणे, आणि दोन्ही टोकांच्या ओळींची संख्या व रकमांची बेरीज ताडून पाहणे, हे दोन नियम प्रस्तुत लेखकाच्या मते ऐच्छिक नव्हेत. शून्य ओळी म्हणजे बिघाडच, असेही नाही: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कापूस-खरेदीची फाइल रिकामी येऊ शकते, तर त्याच दिवशी जळगावच्या सराफ्याची फाइल नेहमीपेक्षा मोठी असू शकते. म्हणून रिकाम्या दिवशीही शेवटच्या ओळीत ‘० नोंदी’ असे लिहिलेली फाइल पाठवतात. फाइलच आली नाही, तरच इशारा दिला जातो.

आज्ञा-फाइलीत परवलीचा शब्द उघडा राहतो, आणि एफटीपी तो तसाच उघडा वाहून नेते. नव्या रचनांत त्यामुळे एसएफटीपी (सांकेतिक रूपात माहिती नेणारी पद्धत) व परवलीच्या शब्दाऐवजी सांकेतिक किल्ल्यांची जोडी वापरतात.