स्वप्नं फक्त 'रेम' झोपेतच पडतात का?

डोळ्यांची बुबुळं भराभर हलतात त्या 'रेम' झोपेतच स्वप्नं पडतात, बाकीची झोप कोरी, असं अजूनही ठासून सांगितलं जातं. ते खरं नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे मांडली. तिच्यातून उठवलेली माणसं बहुतेकदा स्वप्न सांगत, म्हणून समज रुजला. पण १९६२ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड फोल्क्स यांनी माणसांना झोपेच्या इतर टप्प्यांतून उठवून मनात काय चाललं होतं ते विचारलं, आणि तिथेही बरंच काही निघालं.

खरा फरक दिसतो तो 'मी'मध्ये. डोळा लागता लागता नुसती चित्रं तरळतात, त्यांत आपण स्वतः बहुधा नसतो. २००० मधल्या झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या प्रयोगात टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचायचा संगणकावरचा खेळ खेळलेल्या अनेकांना डोळा लागताना पडणारे ठोकळे दिसले. स्मृती गमावलेल्या काही रुग्णांनाही दिसले, ज्यांना आपण खेळलो हेच आठवत नव्हतं! मला हे फार विलक्षण वाटतं.

गाढ झोपेत अनेकदा विचाराचा एखादा तुकडाच हाती लागतो. रेममध्ये मात्र आपण अंगानिशी धावतो, भांडतो, घाबरतो. तरी पहाटेच्या, रेम नसलेल्या झोपेतली काही स्वप्नंही तितकीच जिवंत असतात.