डिरेक्टरीतून अ‍ॅरेत: स्कॅनडिर फंक्शनची पार्श्वभूमी

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत स्कॅनडिर या फंक्शनला डिरेक्टरीचा, म्हणजे फोल्डरचा, पत्ता दिला की आतली सगळी नावं यादीच्या रूपात, म्हणजे अ‍ॅरेत मिळतात. एका ओळीचं काम. पण अ‍ॅरेच्या सुरुवातीला सहसा '.' आणि '..' का दिसतात, आणि नावं वर्णक्रमाने लागलेली का असतात, हे समजून घ्यायचं तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आरंभीच्या काळात जावं लागतं.

तेव्हा डिरेक्टरी ही एक साधी फाइलच होती. 1979 च्या सातव्या आवृत्तीत तिच्यातली प्रत्येक नोंद 16 बाइटची असे: 2 बाइट आयनोड क्रमांकाला (ज्यावरून सिस्टिम फाइल शोधते), 14 बाइट नावाला. प्रोग्रामर ती फाइल स्वतः उघडून सोळा-सोळा बाइट वाचत जायचा. क्रमांक शून्य असेल तर ती फाइल पुसलेली समजायची आणि पुढे सरकायचं. पुसलेल्या नोंदीच्या जागी पुढे दुसरंच नाव येऊन बसे, त्यामुळे वाचताना मिळणाऱ्या क्रमाला काहीच अर्थ नव्हता. '.' म्हणजे ती डिरेक्टरी स्वतः आणि '..' म्हणजे तिच्या वरची. या दोन्ही खऱ्याखुऱ्या नोंदी होत्या. यादीत त्या दिसू नयेत म्हणून नावांची यादी दाखवणाऱ्या एलएस या प्रोग्राममध्ये फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं, आणि त्यातूनच टिंबाने सुरू होणाऱ्या 'लपलेल्या' फायलींची प्रथा पडली, असं युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी नोंदवून ठेवलं आहे.

1983 साली 4.2 बीएसडी या युनिक्सच्या एका अवताराने नावाची मर्यादा 255 अक्षरांपर्यंत नेली. नोंदी आता कमी-जास्त लांबीच्या झाल्या, आणि सोळा बाइटांचा हिशोब धरून लिहिलेले प्रोग्राम निकामी ठरले. म्हणून ओपनडिर, रीडडिर, क्लोजडिर ही फंक्शनं पुढे आली: आतली रचना कशीही असो, एका वेळी एक नोंद मागायची. स्कॅनडिरही याच आवृत्तीतलं. सगळ्या नोंदी वाचायच्या, नको त्या एका फंक्शनने गाळायच्या, उरलेल्या दुसऱ्याने लावायच्या आणि अ‍ॅरे परत द्यायचा. माझ्या मते यातला क्रम लावण्याचा भाग सर्वांत मोलाचा. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणाने रीडडिर 1988 मध्येच स्वीकारलं. स्कॅनडिरला मात्र 2008 उजाडावं लागलं. पीएचपीत ते 2004 साली, पाचव्या आवृत्तीबरोबर आलं. तिथेही चढता वर्णक्रम आपोआप लागतो, मात्र वर्णक्रमात 'फोटो10' हे 'फोटो2' च्या आधी येतं. आकड्यांप्रमाणे क्रम हवा असेल तर नॅटसॉर्ट हे फंक्शन वेगळं वापरावं लागतं.

पायथन या भाषेतलं तसंच काम करणारं लिस्टडिर क्रमाची हमी देत नाही, ठरावीक नमुन्याची नावं शोधणारं तिचं ग्लॉबही देत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर नावं बहुधा वर्णक्रमानेच मिळतात, लिनक्सच्या ईएक्सटी4 वर हॅशनुसार (नावावरून काढलेल्या आकड्यानुसार), म्हणजे बघणाऱ्याला विस्कळीत. ही गोष्ट किती महागात पडू शकते ते 2019 मध्ये दिसलं. रेणूंच्या एनएमआर (रचना ओळखण्याच्या चुंबकीय तपासणीतल्या) मूल्यांचं गणित करणाऱ्या, 2014 पासून वापरात असलेल्या पायथन स्क्रिप्ट हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या संगणकांवर चालवल्या. फायली त्याच, तरी एका मूल्याचं उत्तर विंडोज 10 वर 173.2 आणि उबुंटू या लिनक्सवर 172.4. कारण, ग्लॉबने दिलेल्या दोन याद्यांमधल्या फायली एकमेकींशी त्याच क्रमाने जुळतील असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं. एका यादीतली तिसरी फाइल दुसरीतल्या तिसरीची जोडीदार नसेल, तर गणित चुकतं आणि कुठलाही एरर येत नाही. रसायनशास्त्रातले शंभराहून अधिक शोधनिबंध पुन्हा तपासावे लागतील अशी शक्यता निर्माण झाली. दुरुस्तीत मुख्य भर होती ती याद्या वापरण्याआधी सॉर्ट करण्याची.