ईश्वरी ईर्ष्या
ईश्वरी ईर्ष्या : ख्रिस्ती धर्मविचारातील एक संकल्पना. ईश्वराचे आपल्या लोकांवरील प्रेम वाटेकरी खपवून घेत नाही आणि भक्ताकडूनही अविभक्त निष्ठा मागते, हा तिचा आशय. दहा आज्ञांत मूर्तिपूजेच्या निषेधाला जोडूनच परमेश्वर स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो (बायबलमधील निर्गम ग्रंथ, २०:५). निर्गम ३४:१४ मध्ये तर ते त्याचे नावच ठरते. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती विचारकाने असा देव येशूच्या पित्याहून निराळा मानला. चर्चने ते मत अमान्य केले. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनच्या मते ईश्वर ईर्ष्या बाळगतो, पण निश्चिंत असतो. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनस ईर्ष्येचे मूळ प्रेमाच्या उत्कटतेत पाहतो.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. एक पक्ष तो विवाहाच्या रूपकात शोधतो. इ.स.पू. आठव्या शतकातील होशेय संदेष्ट्याने इस्राएलला व्यभिचारी पत्नी म्हटले आणि यहेज्केल या संदेष्ट्याने (अध्याय १६ व २३) तेच रूपक अधिक कठोरपणे वापरले. दुसरा पक्ष राजकीय करारांकडे बोट दाखवतो. बायबलचे अभ्यासक विल्यम मोरन यांनी १९६३ मध्ये असे मांडले की, बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथातील (६:५) संपूर्ण मनाने, जिवाने व शक्तीने करावयाची प्रीती ही मांडलिकाने सम्राटाला द्यावयाच्या निष्ठेच्या भाषेतली आहे. ॲसिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या इ.स.पू. ६७२ च्या करारात मांडलिकांना युवराज अशुरबनिपालवर स्वतःसारखे प्रेम करण्यास बजावले आहे. अनुवाद ग्रंथाचा गाभा सामान्यतः इ.स.पू. सातव्या शतकातला, यहूदाचा राजा योशीया याच्या धर्मसुधारणांच्या (सु. इ.स.पू. ६२२) आगेमागे धरला जातो, त्यामुळे हे साम्य लक्षणीय ठरते. तथापि होशेय या करारापूर्वीचा आहे, आणि फसवल्या गेलेल्या पतीचा संताप व कळवळा करारांच्या रुक्ष कलमांतून उगवला असे मानणे अवघड आहे. निर्गम ३४ चा काळ ठरल्याशिवाय वाद मिटणार नाही, आणि तो काळच विवाद्य आहे.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीविषयी अशीच ईर्ष्या व्यक्त करतो (२ करिंथ. ११:२). याकोबाच्या पत्रातील ४:५ हे वचन दुर्बोध आहे : तेथे उत्कंठा धरणारा ईश्वर की माणसात वसणारा आत्मा? शिवाय शास्त्रवचन म्हणून दिलेले शब्द जुन्या करारात तसेच्या तसे सापडत नाहीत. आधीच्याच वचनात व्यभिचाराचा आरोप असल्याने पहिला अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

महाराष्ट्रात अशा अविभक्त निष्ठेचे एक जुने उदाहरण म्हणजे ठाण्यातील हौतात्म्य. १३२१ च्या एप्रिलमध्ये टोलेंटिनोचा टॉमस हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू व त्याचे तीन सोबती येथे धर्मविषयक वादानंतर मारले गेले. जोर्डानुस या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांचे दफन केले. ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने पुढे अस्थी चीनला नेल्या. पण त्याचा वृत्तांत १३३० मध्ये सांगून लिहवलेला असल्याने घटनेला जवळची असलेली जोर्डानुसची पत्रे अधिक भरवशाची मानावीत.

आज ठाणे-नवी मुंबईतील कॅथलिकांत हा आशय मुख्यतः येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीतून दिसतो. वाशीचे चर्च याच नावाचे आहे. घराच्या बाहेरच्या खोलीत काट्यांनी वेढलेल्या, ज्वाळा निघणाऱ्या हृदयाचे चित्र आणि त्याखाली लाल दिवा असतो. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे परिसरातील मूळच्या कॅथलिक) कुटुंबांत त्यापुढे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हटली जाते. महिन्याचा पहिला शुक्रवार आणि जून महिना या भक्तीचे. फ्रान्समधील मार्गारेट मेरी आलाकोक यांच्या दर्शनांपासून (१६७३–७५) तिचा प्रसार झाला. पोप पायस बारावे यांनी १९५६ मध्ये तिचा पाया अनुवाद व होशेय या ग्रंथांपर्यंत मागे नेला.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असे चित्र सहसा पूजास्थानी नसते. ईर्ष्येचा उल्लेख ज्या आज्ञेत आहे, तीच प्रतिमांना मनाई करते असा त्यांचा मुद्दा असतो. कॅथलिक उत्तर इ.स. ७८७ च्या नायसिया येथील चर्च-परिषदेचे : प्रतिमेला दिलेला मान तिच्यात दाखवलेल्या व्यक्तीला पोहोचतो, आराधना मात्र केवळ ईश्वराची.