मोठा पॉवर सप्लाय म्हणजे मोठं बिल? अजिबात नाही
१६०० वॉटचा पॉवर सप्लाय (पीसीच्या पार्ट्सना वीज पुरवणारा डबा) लावला की पीसी कायम १६०० वॉट खेचतो, हे किती वर्षं ऐकतोय आपण. असं नसतं हो! तो आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढंच, वीज जाते ती पार्ट्सना लागेल तेवढीच, वर थोडी उष्णतेत वाया, आणि एफिशियन्सी, म्हणजे खेचलेल्या विजेतली किती खरंच कामी येते ते, तर साधारण निम्म्या लोडलाच सगळ्यात चांगली मिळते. दोन आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डं म्हणजे ४५० अधिक ४५०, कार्डांचेच ९०० वॉट झाले, त्यात प्रोसेसर धरा, शिवाय कार्ड क्षणभर याच्याही बरंच वर उसळतं, म्हणून हजार वॉटवर भागवायला गेलात तर रेंडरच्या (थ्रीडी चित्र किंवा व्हिडिओ तयार होण्याच्या) मधेच पीसी धाडकन बंद पडू शकतो. प्लीज, तिथे काटकसर नका करू.