मूत्रातील दर्शक प्रथिने (जिवंत दात्याच्या मूत्रपिंडरोपणानंतर)

मूत्रपिंडाच्या कोणत्या भागाला इजा झाली आहे, याचा अंदाज ज्यांच्या प्रमाणावरून बांधता येतो अशी लघवीतील प्रथिने. जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवल्यावर ग्राही (मूत्रपिंड घेणारा) आणि दाता या दोघांच्याही लघवीत ती पाहावी लागतात.

लघवीवर टिकणारा फेस ही फार जुनी खूण आहे. सुश्रुतसंहितेतील कफज प्रमेहांत (कफामुळे होणाऱ्या लघवीच्या विकारांत) फेनमेह येतो. तो म्हणजेच प्रथिनमेह (लघवीतून प्रथिन जाणे), असे काही अभ्यासक धरतात. पण थोडीथोडी, फेसाळ लघवी एवढ्याच वर्णनावरून तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. तापवलेल्या लघवीत प्रथिन साकळते, या शोधाचे श्रेय सहसा लंडनचे रिचर्ड ब्राइट (१८२७) यांना देतात. नेपल्सचे दोमेनिको कोतुन्यो यांचे निरीक्षण त्याआधीचे, बहुधा १७६४चे आहे आणि लायडनचे फ्रेडरिक डेकर्स यांचे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पहिले निरीक्षण डेकर्स यांचे मानावे लागते. अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसलेली विकृत मूत्रपिंडे यांचा एकत्र मेळ मात्र ब्राइट यांनी घातला, म्हणून त्यांचे नाव पुढे असणे रास्त वाटते.

जिवंत दात्याचे पहिले यशस्वी रोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे एकसारख्या जुळ्या भावांत झाले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा आहे.

निरोगी प्रौढाच्या लघवीतून दिवसाला १५० मिग्रॅ.पेक्षा कमी प्रथिने जातात. अल्ब्युमिन (रेणुभार सु. ६६,०००) केशिकागुच्छाच्या (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पुंजक्याच्या) चाळणीतून सहसा निसटत नाही, ते वाढले की चाळणी बिघडल्याचा संशय येतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (सु. ११,८००) सहज गाळले जाते आणि पुढच्या मूत्रपिंड-नलिकेत परत शोषले जाते, नलिका दुखावली की ते लघवीत उतरते. एनगॅल आणि किम-१ ही प्रथिने इजा झालेल्या नलिका-पेशींतूनच मोठ्या प्रमाणात येतात, मात्र मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातही एनगॅल वाढते. सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० ही प्रथिने शरीर नवे मूत्रपिंड नाकारत असताना होणाऱ्या दाहाचे दर्शक म्हणून अभ्यासले जात आहेत. रोजच्या उपचारांत आधार अजूनही रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य), लघवीतील प्रथिनांचे क्रिएटिनीनशी प्रमाण आणि गरज पडल्यास बायोप्सी यांचाच आहे.

नमुन्याची एक अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. आम्ल लघवीत, सामू (पीएच) सु. ६ च्या खाली गेला की, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन विघटित होते, आणि ते मूत्राशयातच, शरीराच्या उष्णतेत. नमुना घेतल्यावर अल्कली घातली तरी गेलेले प्रथिन परत येत नाही. सकाळची पहिली लघवी रात्रभर साठलेली आणि बहुधा आम्ल असते. म्हणजे अल्ब्युमिनसाठी जो नमुना उत्तम, तोच बीटा-२साठी वाईट. याच कारणाने नलिकेच्या इजेसाठी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल-बंधक प्रथिन अधिक भरवशाचे वाटते. बारामती वा साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने डबी घेऊन पुण्याच्या लॅबमध्ये येणाऱ्याला नमुना कधी घेतला, हे विचारलेच पाहिजे.

रोपणानंतर रुग्णाची जुनी मूत्रपिंडे सहसा जागेवरच ठेवतात आणि पहिले काही आठवडे त्यांतूनही प्रथिन येत राहते. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्याने घाबरू नये. पण घटलेला आकडा पुन्हा चढू लागला तर मूळ रोगाचा पुनरुद्भव, नाकारणे किंवा सिरोलिमससारखे (नाकारणे रोखण्यासाठी दिलेले) औषध यांचा विचार करावा. जिवंत दात्याचे मूत्रपिंड रक्तपुरवठ्यावाचून थोडाच वेळ राहते, म्हणून नलिकांचे दर्शक मृत दात्याच्या रोपणापेक्षा सामान्यतः लवकर उतरतात. २००९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार लघवीतील प्रथिने पहिल्या महिन्यात एकदा, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तरी मोजावीत.

पुण्याचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप पाहते. जिवंत दान त्याच्या प्रतीक्षायादीबाहेर, कुटुंबात ठरते. भारतात जिवंत दात्यांत स्त्रिया अधिक आहेत, बहुतेक वेळा आई किंवा पत्नी. उरलेले मूत्रपिंड जास्त काम उचलते आणि एकूण गाळणक्षमता दानापूर्वीच्या सु. ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावते. दान करणाऱ्या स्त्रीच्या लघवीतील अल्ब्युमिन, रक्तदाब आणि क्रिएटिनीन दरवर्षी तपासायला हवे, तरी घरची सगळी धावपळ रुग्णाच्या तारखांभोवती फिरते. मुलाची डबी लॅबच्या खिडकीत देताना आईचीही शेजारी ठेवता येते.